चार म्हणजे शून्य

कोणत्याही जबाबदार संस्थेत वाईट बातमी सर्वांत आधी वरिष्ठांना कळली पाहिजे. या तत्त्वाला अनुसरून शीतगृहाच्या व्यवस्थापनाने ठरवलं, की मशीनरूममधल्या गॅस डिटेक्शन पॅनेलमधून एक तार काढायची, जिन्यावरून ती मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये न्यायची आणि तिथे, खुर्चीसमोरच्या भिंतीवर, एक काटा बसवायचा. निर्णय एकमताने झाला. ते एक मत मोठ्या साहेबांचं होतं.

शीतगृहात मटार गोठवत. गोठवायला अमोनिया लागे. अमोनिया तसा सालस वायू आहे. पाइपात असेपर्यंत मुकाट काम करतो. बाहेर आला की आधी नाकात शिरतो, मग डोळ्यांत, आणि त्यानंतर कुठे शिरतो ते सांगायला माणूस शुद्धीवर असेलच असं नाही. कॉम्प्रेसरच्या पलीकडे एक पातळ भिंत होती आणि भिंतीपलीकडे पॅकिंग हॉल. तिथे साठ-सत्तर बायका मटाराच्या पिशव्या भरत. भिंतीला अगदी खेटून त्यांच्या मुकादमबाईचं टेबल होतं. मुकादमबाई ही तारमास्तरची बायको.

तारमास्तर म्हणजे शीतगृहाचा वायरमन. माणूस हाताने चोख आणि मानेने लवचिक. 'होय साहेब' म्हणताना त्याची मान खाली जाई आणि 'नाही साहेब' म्हणतानाही खालीच जाई, त्यामुळे साहेबांचा त्याच्याबद्दल कधी गैरसमज झाला नव्हता.

काट्याचं काम त्याने जीव ओतून केलं. दोन तारांची केबल, तिच्यावर जाळीचं आवरण. आवरण एकाच टोकाला अर्थिंगला जोडलं, दुसऱ्या टोकाला कापून टेप लावली, कारण दोन्हीकडे जोडलं तर शेजारच्या मोटारींची भांडणं तारेत शिरतात. पॅनेलचा प्लस काट्याच्या मीटरच्या प्लसला, मीटरचा मायनस फिरून पॅनेलच्या मायनसला. भोंग्याचा स्विचही याच तारेत, मीटरच्या मागे जोडला. खरं तर भोंगा पॅनेलवरून थेट वाजवता आला असता; पॅनेलमध्ये त्याची वेगळी सोय होती. पण साहेबांच्या काट्याच्या आधी हॉलमधल्या बायकांना काही कळावं, हे शिष्टाचारात बसत नव्हतं. काटा आठवर गेला की भोंगा वाजावा, असा सुरक्षा समितीचा ठराव होता.

कळ दाबली. काटा उठला, चारवर गेला आणि तिथेच उभा राहिला.

"किती गॅस आहे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"अजिबात नाही, साहेब."

"मग हे चार कशाचे?"

"चार म्हणजे शून्य, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि शून्य म्हणजे?"

"शून्य म्हणजे तार तुटली."

"आणि वीस?"

"वीस म्हणजे शंभर."

शेजारी बसलेल्या सुरक्षासाहेबांनी घसा खाकरला. सुरक्षा हे खातं त्यांच्याकडे होतं, म्हणून ते नेहमी सुरक्षित ठिकाणी, म्हणजे मोठ्या साहेबांच्या उजव्या हाताला बसत.

"तारमास्तर," मोठे साहेब शांतपणे म्हणाले, "चारला शून्य म्हणायचं असेल, तर आमच्या गुरुजींनी आम्हाला छड्या फुकटच मारल्या म्हणायच्या."

"साहेब, हे मिलीअँप आहेत. गॅस नसला तरी तारेत थोडा करंट चालू ठेवतात. रात्रीचा वॉचमन कसा, चोर नसला तरी मधूनमधून शिट्टी मारतो? म्हणजे तो जागा आहे, हे कळतं. शिट्टी बंद झाली तर..."

"तर आम्हाला झोप लागेल," साहेब म्हणाले. सुरक्षासाहेब मनापासून हसले. "उद्या पाहुणे आले, त्यांनी चार पाहिले, तर प्रत्येकाला मी वॉचमनची गोष्ट सांगत बसू? गॅस नाही ना? मग शून्य दाखवा. सरळ माणसाचं सरळ शून्य."

पॅनेलच्या मेनूत आउटपुटची जागा होती. तिथे 'चार ते वीस' होतं, त्याचं तारमास्तरने 'शून्य ते वीस' केलं. दोन-चार बटणांचं काम. काटा खाली जाऊन शून्यावर आडवा झाला. टाळ्या पडल्या.

"साहेब, एक राहिलं," तारमास्तर म्हणाला. "आता भोंगा आठवरून पाचवर आणावा लागेल. मघाशी आठ म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे पंचवीस होते. आता आठ म्हणजे चाळीस झाले."

"भोंग्याला हात लावायचा नाही," सुरक्षासाहेब ताडकन म्हणाले. "भोंगा हा सुरक्षेचा विषय आहे. ठराव आठचा आहे."

"पण साहेब, आठचा अर्थ बदलला ना."

"अर्थ बदलला असेल. ठराव बदललेला नाही."

तारमास्तरची मान खाली गेली.

घरी जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता त्याच्या ताटात वाढत होती.

"म्हणजे आता गॅस नसला तरी शून्य, आणि तार तुटली तरी शून्य?"

"हो."

"मग मी धड आहे का तुमची तार तुटलीय, हे मला कसं कळायचं?"

"अगं, तुला वास येईलच की."

"मग काटा कशाला बसवलात?"

"साहेबांसाठी. ते वर बसतात, त्यांना वास येत नाही."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "ज्याला नाक नाही त्याला काटा, आणि ज्यांना नाक आहे त्यांना मटार."

काही दिवस काटा आज्ञेत राहिला. मग कॉम्प्रेसरचं सील थोडं गळू लागलं. सील जुनं होतं, गळणं हा त्याचा स्वभावच होता. काटा दुपारी उठायचा, दोनच्या आकड्यापर्यंत जायचा, जरा घुटमळायचा, परत बसायचा. एकदा पाहुण्यांसमोर उठला. पाहुण्यांनी विचारलं, "हे काय?" साहेबांना उत्तर सुचलं नाही, आणि वरिष्ठाला उत्तर न सुचणं हा कनिष्ठाचा दोष असतो.

"हा हलतो का?" तारमास्तरला विचारण्यात आलं.

"सील गळतंय, साहेब. बदलायला हवं. मशीन दोन-तीन दिवस बंद ठेवावं लागेल."

"आणि काटा बदलायला?"

"म्हणजे?"

"तो हलू नये, यासाठी किती वेळ मशीन बंद ठेवावं लागेल?"

"त्याला मशीन बंद करावं लागत नाही, साहेब. मेनूत सरासरीची सोय आहे. काटा क्षणाक्षणाचं दाखवण्याऐवजी बऱ्याच वेळाचं मिळून एकदम दाखवतो."

"मग तेच तर्कशुद्ध आहे," सुरक्षासाहेब म्हणाले. "एका क्षणावरून कुणाबद्दल मत बनवू नये."

सरासरीचा काळ तारमास्तरने अख्ख्या पाळीएवढा केला. आता काटा समितीसारखा वागू लागला. काही झालं तरी एकदम उठायचा नाही. पाळी संपेपर्यंत विचार करायचा, आणि तोवर प्रश्न आपोआप मिटलेला असायचा.

मिटला नाही तो हॉलमध्ये. बायकांचे डोळे चुरचुरू लागले. मुकादमबाई पदराने डोळे पुसत पिशव्या मोजायची. चौघी-पाचजणींना घेऊन ती सुरक्षासाहेबांकडे गेली.

"साहेब, वास येतोय."

"कुठे?"

"हॉलमध्ये."

"किती?"

"किती म्हणजे? डोळ्यांतून पाणी येईपर्यंत."

"बाई, पाणी हे माप नाही." सुरक्षासाहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. "आपल्याकडे गॅस मोजायचं अधिकृत साधन एकच आहे, साहेबांचा काटा. त्याचं दरवर्षी कॅलिब्रेशन होतं. तुमच्या नाकाचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं?"

"माझं नाक जन्मल्यापासून बरोबर आहे."

"असेल. पण प्रमाणपत्र?"

मुकादमबाईने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "साहेब, तुम्ही एकदा हॉलमध्ये येऊन उभे राहा. मग तुमच्याच नाकाचं प्रमाणपत्र घेऊ."

सुरक्षासाहेब आले नाहीत. ज्या ठिकाणी गॅस असल्याची तक्रार आहे, तिथे त्यांनी जाणं सुरक्षेच्या नियमात बसत नव्हतं.

तक्रार मात्र वाया गेली नाही. मोठ्या साहेबांनी तारमास्तरला बोलावून विचारलं, की काटा इतक्या सरासरीनंतरही कधीकधी शून्याच्या वर अर्धा, पाऊण का दिसतो? बायकांना बळ मिळतं ते अशानेच. तारमास्तरने खरं सांगितलं. वीस म्हणजे शंभर धरलंय, म्हणून थोडा गॅसही दिसतो. सेन्सर हजारापर्यंत मोजू शकतो. वीस म्हणजे हजार धरलं, तर थोडं असलेलं काट्यावर दिसणार नाही.

हे त्याने सांगायला नको होतं. पण साहेबांनी विचारलं आणि आपल्याला येतंय, अशा वेळी गप्प राहायला फार मोठं मन लागतं.

वीस म्हणजे हजार झालं. भोंगा ठरावाप्रमाणे आठवरच राहिला. त्या आठचा अर्थ आता चारशे होता, तोही पाळीभर सरासरीने. म्हणजे माणसाने आधी पडायचं, मग पाळी संपेपर्यंत पडून राहायचं, आणि मग भोंगा वाजायचा.

"अहो, भोंगा कधी वाजणार हो आता?" बायकोने विचारलं.

"वेळ आली की वाजेल."

"कुणाची?"



सलग कित्येक महिने शून्य गळती दाखवल्याबद्दल शीतगृहाला सुरक्षेची ढाल मिळाली. ती स्वीकारताना मोठे साहेब म्हणाले, की आपलं यश आपण एकट्याने बघणं बरं नव्हे. त्यामुळे काट्याच्याच तारेत पुढे आणखी एक जोडणी करून फाटकाबाहेर मोठा दिव्यांचा बोर्ड लावण्यात आला. 'हवेतील गॅस', आणि खाली लालभडक '०'.

समोर नवी सोसायटी उभी राहत होती, निम्मे फ्लॅट भरले होते. तिथल्या रहिवाशांनी पूर्वी वासाबद्दल दोन-तीनदा कुरकुर केली होती. बोर्ड लागल्यावर कुरकुर थांबली. वास यायचा, लोक गॅलरीत यायचे, बोर्डाकडे बघायचे आणि समाधानाने आत जायचे. एखाद्या लहान मुलाने नाक दाबलं तर आई म्हणायची, "असं करू नये बाळा, शून्य आहे." सोसायटीचे अध्यक्ष हे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी सोसायटीच्या जाहिरातीत बोर्डाचा फोटो घातला. उरलेल्यांतले बरेच फ्लॅट भराभर गेले.

आणि एक दिवस भर दुपारी सील फाटलं.

मशीनरूममधून फुस्स आवाज आला आणि भिंतीच्या फटींतून पांढरा धूर हॉलमध्ये शिरला. भोंगा गप्प. वरच्या केबिनमध्ये काटा शून्यावर आडवा. बाहेर बोर्डावर शून्य. मुकादमबाईने वाट पाहिली नाही. "पिशव्या टाका आणि बाहेर पळा!" ती ओरडली. ओला पदर तोंडावर दाबून तिने एकेकीला दाराकडे ढकललं, टेबलाखाली बसलेल्या दोघींना हाताला धरून ओढलं आणि सगळ्यांत शेवटी स्वतः बाहेर आली. आली ती फाटकाजवळ गुडघ्यांवर बसली आणि खोकत राहिली. तारमास्तर पळत आला तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. तिने फक्त मान वर करून बोर्डाकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

पलीकडे मशीनवाल्याने तोंडाला फडकं बांधून व्हॉल्व्ह बंद केला होता. सीलवर पट्टी गुंडाळली. संध्याकाळी मशीन पुन्हा चालू.

चौकशी तत्परतेने झाली. मुकादमबाई दवाखान्यातून थेट तिथे आली.

"गळती झाल्याचं कोण म्हणतं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"मी," ती म्हणाली. घशातून अजून धड आवाज फुटत नव्हता. "आणि अख्खा हॉल."

"काट्याने काय दाखवलं?"

"शून्य," सुरक्षासाहेब म्हणाले.

"म्हणजे गळती झालेली नाही. गळती झालेली नसताना सर्व कामगारांनी एकाच वेळी एकच वास घेतला. हा संगनमताचा प्रकार आहे." साहेब खेदाने म्हणाले. "शिवाय मटार उघड्यावर राहिले."

"साहेब, निदान सील तरी बदला," तारमास्तर मागून म्हणाला.

"जी गळती झालीच नाही, ती दुरुस्त करण्याची तरतूद नाही. बरं, तुम्ही तारेचे जाणकार. तुम्हीच सांगा, काटा बरोबर आहे की नाही?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. मुकादमबाई मात्र बघत नव्हती. ती खोकला दाबत खिडकीबाहेर बघत होती.

"सांगतो, साहेब," तारमास्तर म्हणाला. "पाहून सांगतो."

तो खाली गेला. पॅनेल उघडलं. वीस म्हणजे पुन्हा शंभर केलं. सरासरी काढून टाकली. शून्य ते वीसचं चार ते वीस केलं आणि बोर्डालाही तेच शिकवलं. तार तुटली तर बिघाड दाखवायचा, हेही परत घातलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने साहेबांना न विचारता बटणं दाबली होती, आणि बटणांना त्याचं काही वाटलं नाही.

बोर्डावर एकतीस आले. पट्टी गुंडाळलेलं सील तेवढं गळतच होतं. आणि ठरावाप्रमाणे, आठच्या पुढे काटा गेला म्हणून, भोंगा वाजू लागला.

भोंग्याने पाहता पाहता गर्दी जमवली. समोरची सोसायटी फाटकाशी आली. अध्यक्ष पुढे, मागे रहिवासी, सुशिक्षित, संतापलेले. तारमास्तरला वाटलं, आता खरं बोलणारे लोक आले. तो फाटकापाशी गेला. मुकादमबाईही आली.

"हे काय चाललंय?" अध्यक्षांनी बोर्डाकडे बोट केलं. "काल शून्य होतं!"

"काल काटा खोटा होता, साहेब. आज खरा आहे. गॅस कालही होताच."

"असेल! पण दिसत नव्हता ना!"

"तुम्हाला वास येत होता की," मुकादमबाई म्हणाली.

"अहो बाई, वासाचं काय घेऊन बसलात! वास येतो आणि जातो. आकडा कायम राहतो. आमच्याकडे उद्या माणसं फ्लॅट बघायला येणार आहेत. त्यांनी एकतीस बघायचे का?"

"भोंग्यामुळे माझ्या मुलाचा अभ्यास होत नाही," मागून एक बाई म्हणाल्या.

"मुलाला दम लागतोय का, ते बघा," मुकादमबाई म्हणाली.

"दमा आहे त्याला. त्याचा इथे काय संबंध?"

"अहो, सील बदला म्हणा ना त्यांना," तारमास्तर कळवळून म्हणाला. "तुम्ही म्हणालात तर साहेब ऐकतील. दोन-तीन दिवसांचं काम आहे. आकडा आपोआप खाली येईल."

गर्दीत विचारविनिमय झाला. सील बदलायचं म्हणजे पाइपातला सगळा गॅस टँकरमध्ये काढायचा. टँकर दोन-तीन दिवस सोसायटीच्या दारात उभा राहणार, त्यावर धोक्याची कवटी रंगवलेली असणार. फ्लॅट बघायला येणाऱ्यांना बोर्डावरच्या एकतीसपेक्षा ती कवटी लांबून दिसली असती.

"आमची मागणी साधी आहे," अध्यक्ष म्हणाले. "आमचं शून्य आम्हाला परत द्या."

मोठे साहेब खाली आले आणि त्यांनी लोकभावनेपुढे मान तुकवली. त्यांनी मान तुकवलेली तारमास्तरने प्रथमच पाहिली. लोकहितार्थ तीन निर्णय जागच्या जागी झाले. परिसरात एकतीस गॅस सोडल्याबद्दल तारमास्तरला कामावरून दूर करण्यात आलं. संगनमताबद्दल मुकादमबाईलाही. आणि भोंगा बंद करून, बोर्डाचा तारेशी असलेला संबंध कायमचा तोडून त्यावर रंगाऱ्याकडून शून्य काढून घेण्यात आलं, म्हणजे वीज गेली तरी ते जाऊ नये. टाळ्यांचा कडकडाट झाला. या खेपेला टाळ्या वाजवणाऱ्यांत साहेब अल्पमतात होते.

हॉलमध्ये दुसऱ्या बायका आल्या. त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं, की इथे वास घेण्याची पद्धत नाही.

तारमास्तर आता सोसायटीतल्या दारांच्या घंटा दुरुस्त करतो. मुकादमबाई तिथेच चार घरची कामं करते. खोकला गेला नाही. त्या चार घरांतलं एक अध्यक्षांचं.

अध्यक्ष मनाने वाईट नाहीत. संध्याकाळी खिडक्या घट्ट लावून घेतात, आरामखुर्चीत बसतात आणि अशाच गोष्टी वाचतात. कुठल्याशा मूर्ख साहेबाची टर उडवलेली असली, की खदखदून हसतात, बायकोला हाक मारून एखादं वाक्य वाचून दाखवतात. मधेच स्वयंपाकघरातून खोकल्याची उबळ ऐकू येते. हसू ओसरायच्या आत, पुस्तकावरची नजर न काढता, ते आपुलकीने विचारतात, "काय हो बाई, ठीक ना?"

"शून्य आहे, साहेब," आतून उत्तर येतं.

मग ते निर्धास्तपणे पान उलटतात. तुम्हीही उलटा.